समुपदेशनाच्या खोलीत माइनक्राफ्ट : नववीतल्या एका मुलाचं प्रकरण

फॉर्मवर ‘भेटीचं कारण’ या रकान्यात वडिलांनी ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं, ‘मोबाइल गेमचे व्यसन’. त्याखाली आईने बारीक अक्षरांत भर घातली होती, ‘सकाळी पोट दुखते, शाळेत जात नाही.’ या दोन ओळींचा क्रम पुढे उलटा निघाला. तो कसा निघाला आणि त्या कामात आम्ही व्हिडिओ गेमचाच वापर का केला, ते इथे मांडते आहे.

मुलगा १४ वर्षांचा, नववीतला. घर मूळचं कराडचं. वडील शिरवळजवळच्या एका प्लास्टिक मोल्डिंगच्या कारखान्यात सुपरवायझर. बरीच वर्षं ते पुण्यात धायरीत दोघा-तिघांत खोली करून राहायचे आणि शनिवारी रात्री कराडची एसटी पकडायचे. मुलगा आठवी पास झाला, ‘आता दहावी पुण्यातनंच होऊ दे’ असं ठरलं आणि जूनमध्ये बिऱ्हाड हललं. कराडला तो मराठी माध्यमात होता, सेमी इंग्रजी. म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून, बाकी सगळं मराठीतून. इथे त्याला पूर्ण इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घातलं. फीसाठी आईने घरातलं शिवणकाम वाढवलं. पिको-फॉल, ब्लाउज, सणासुदीला परकर-पोलकी.

गणपतीपर्यंत शाळा बरी चालली. मग सोमवारी पोट दुखायला लागलं, नंतर मंगळवारीही. बालरोगतज्ज्ञ झाले, सोनोग्राफी झाली, रिपोर्ट नॉर्मल आले. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा जवळजवळ बंदच पडली. रात्री दोन-अडीचपर्यंत मोबाइलवर बीजीएमआय (बंदुकांच्या लढाईचा ऑनलाइन गेम), सकाळी हाका मारून उठत नाही. एकदा वडिलांनी फोन काढून घेतला आणि कारखान्यातल्या लॉकरमध्ये ठेवला. मुलगा दोन दिवस धड जेवला नाही, तिसऱ्या दिवशी त्याने तांब्या भिंतीवर आपटला. तांब्याला पोचा आला, आईने रडून फोन परत द्यायला लावला. घरच्यांना व्यसनाचा याहून मोठा पुरावा नको होता.

ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. लिहायला आई-वडिलांची परवानगी आहे आणि मुलाचीही आहे. त्याने कच्चा मजकूर वाचून दोन वाक्यं काढायला लावली, ती काढली आहेत.

व्यसन म्हणावं का?

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या वर्गीकरणात ‘गेमिंग डिसऑर्डर’ हे निदान आहे. हे वर्गीकरण २०१९ मध्ये मंजूर झालं आणि जानेवारी २०२२ पासून लागू झालं. त्याआधी, २०१३ मध्ये, अमेरिकेच्या डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या निदान-पुस्तिकेने इंटरनेट गेमिंगला ‘अजून अभ्यास हवा’ अशा यादीत ठेवलं होतं. आयसीडी तीन गोष्टी बघायला सांगतं: खेळण्यावरचा ताबा सुटलाय का, खेळ बाकी आयुष्याच्या वर जाऊन बसलाय का, आणि नुकसान दिसत असूनही तो चालूच आहे का. हे साधारण १२ महिने दिसायला हवं. फारच तीव्र असेल तर त्याआधीही निदान होतं. रोज इतके तास खेळला म्हणजे आजार, असा आकडा त्यात कुठेही नाही.

पालक मात्र आल्या आल्या तासच सांगतात. ‘रोज पाच-पाच तास, मॅडम.’ माझ्या मते तास हे सगळ्यात ढोबळ माप आहे. कोणत्या वेळी खेळतो, कोणाबरोबर खेळतो आणि नेमकं काय टाळून खेळायला बसतो, या तीन प्रश्नांतून जास्त कळतं. म्हणून मी मुलाच्याच हातात फोन देऊन डिजिटल वेलबीइंगचा, म्हणजे कोणतं ॲप रोज किती वेळ वापरलं ते दाखवणारा, आलेख उघडायला सांगितला. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्येच तो असतो, वेगळं काही बसवावं लागत नाही. आलेखातले खांब एकसारखे नव्हते. काही रात्री तीन-चार तास, काही रात्री पंधरा मिनिटं. पंधरा मिनिटांच्या खांबाकडे बोट दाखवून विचारलं, या दिवशी काय झालं? तो म्हणाला, “पोरं आली नव्हती.”

पोरं म्हणजे कराडच्या शाळेतले तिघे. बीजीएमआयमध्ये चौघांचा स्क्वॉड, म्हणजे संघ, असतो; हा चौथा. एकाच्या वडिलांचं किराणा दुकान, तो रात्री शटर ओढल्यावरच मोकळा होतो. दुसऱ्याचा क्लास साडेनऊला सुटतो. म्हणून खेळ सुरू व्हायचाच साडेदहाच्या पुढे. पोरं आली नाहीत की हा उघडून बघायचा, वाट बघायचा आणि बंद करायचा. ताबा सुटलेला मुलगा असं करत नाही. तो एकटा खेळतो, नाहीतर दुसरा गेम शोधतो.

मग आईला विचारलं, दिवाळीत कराडला होता तेव्हा किती खेळायचा? ती जरा थांबली. “तिकडं तर फोन चार्जिंगला लावल्याचंच आठवत नाही.” तिकडे तो त्याच तिघांबरोबर दिवसभर बाहेर असायचा, संध्याकाळी प्रीतिसंगमावर. ही गोष्ट घरात सगळ्यांना माहीत होती, पण ती कोणी गेमशी जोडली नव्हती.

निदान करणं माझं काम नाही, ते मानसोपचारतज्ज्ञांचं. त्यांच्याकडे आधी पाठवलं. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येतात का, हे त्यांनीही सरळ विचारलं आणि मीही विचारलं; तसे विचार नव्हते. तरी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर घरातल्या फ्रिजवर चिकटवून ठेवायला सांगितला, तो मी सगळ्यांनाच सांगते. तज्ज्ञांचं म्हणणं पडलं की चारचौघांत बोलण्याची तीव्र भीती हा मुख्य प्रश्न आहे, शाळा टाळणं त्यातून आलंय, गेमिंग डिसऑर्डर म्हणण्याइतकं चित्र नाही. औषध तूर्त नको, थेरपी करा, काही आठवड्यांनी पुन्हा बघू.

खेळ खोलीत कसा आला

भीती आहे हे कळलं, पण कशाची हे त्याच्याकडून येईना. तो मान हलवायचा. अर्धी वाक्यं पूर्ण करायचा कागद त्याने कोरा परत दिला. ‘शाळेत काय होतं?’ या प्रश्नावर खांदे उडवायचा. अशा मुलांना प्रश्नामागून प्रश्न विचारत राहिलं की आपणही शाळेतल्या बाईंसारख्याच होतो.

लहान मुलांशी खेळातून बोलायची पद्धत जुनी आहे. लंडनमध्ये मार्गारेट लोवेनफेल्ड यांनी १९२९ च्या सुमारास वाळूचा ट्रे आणि छोट्या छोट्या वस्तू मुलांपुढे ठेवून ‘जग मांड’ म्हणायला सुरुवात केली. व्हर्जिनिया ॲक्सलाइन यांनी १९४७ मध्ये प्ले थेरपीची तत्त्वं लिहिली; त्यातलं एक मला रोज उपयोगी पडतं: वाट मुलाने दाखवायची, आपण मागून जायचं. पण १४ वर्षांच्या, मिसरूड फुटलेल्या मुलापुढे वाळूचा ट्रे ठेवला तर तो उठून जाईल. माइनक्राफ्ट ठेवला तर बसतो.

बीजीएमआयच का नाही, असं वडिलांनी विचारलं होतं. त्यात अनोळखी माणसं असतात, मॅच आपल्या हातात नसते, आणि बंदुका चालवताना बोलणं होत नाही. शिवाय तो त्याचा आणि त्याच्या मित्रांचा कट्टा. तिथे मी जाऊन बसणं बरं दिसत नाही. माइनक्राफ्ट २०११ पासून बाजारात आहे, ठोकळ्यांचं जग आहे, जिंकणं-हरणं सक्तीचं नाही. एकाच वायफायवर दोन उपकरणं असली की दोघांचं खासगी जग उघडता येतं, बाहेरचा कोणी आत येत नाही. क्लिनिकचे दोन टॅब, क्लिनिकचंच खातं, त्यावर मुलाचं नाव नाही, वय नाही, फोटो नाही. त्याच्या स्वतःच्या खात्याशी मी जोडलेली नव्हते आणि नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे, म्हणून ही सगळी मांडणी आई-वडिलांना कागदावर लिहून दिली. आईने विचारलं, ‘मी दारातनं बघू का?’ नाही म्हटलं, आणि का नाही तेही सांगितलं.

वेळ मोजायला घड्याळ लावलं नाही. माइनक्राफ्टमधला एक दिवस २० मिनिटांचा असतो: दहा मिनिटं ऊन, मग सांज, सात मिनिटांची रात्र, मग पहाट. आमचा नियम एवढाच, की प्रत्येक सेशनमध्ये एक दिवस खेळायचा. सूर्य पुन्हा वर आला की टॅब खाली. ‘अजून पाच मिनिटं’ची घासाघीस कधी झालीच नाही, कारण नाही म्हणणारी मी नव्हते.

पहिल्या दिवशी त्याने जमिनीत सरळ खाली खणलं, एक छोटी खोली कोरली आणि तोंड दगडाने बंद केलं. मी वर उभी. चॅटमध्ये त्याचा मेसेज आला, ‘इकडे नका येऊ’. मी गेले नाही. आसपास झाडं तोडत राहिले, बरीचशी चुकीच्या पद्धतीने. अशी दोन सेशन गेली. तिसऱ्यांदा तो स्वतःच वर आला, मी करत असलेला घोटाळा बघवेना म्हणून.

पुढचा मोठा तुकडा उसाचा. मला खेळात वही करायची होती. त्यात ‘पुस्तक आणि पीस’ अशी एक वस्तू असते, तिच्यात खरोखर लिहिता येतं. वहीला कागद लागतो आणि माइनक्राफ्टमध्ये कागद उसापासून होतो. मी ऊस डोंगराच्या उतारावर लावायला गेले, तो काही केल्या लागेना. शेजारून आवाज आला, मोठ्याने, कराडच्या हेलात: “आवो मॅडम, उसाला पाणी लागतंय की! हितं कुठं लावताय?” आणि लगेच तो गप्प झाला, मान टॅबमध्ये घातली, कानाच्या पाळ्या लाल.

त्या गप्प होण्यात सगळं होतं. मी म्हटलं, मग कुठे लावू, दाखव. त्याने नदीकाठ दाखवला. खेळातही ऊस पाण्याला लागूनच येतो. नंतर पंधरा मिनिटं तो त्याच बोलीत बोलत होता. त्याच्या काकांचा ऊस, कारखान्याची टोळी, तोडीच्या वेळी शाळा बुडवून ट्रॅक्टरवर बसणं. जो मुलगा खांदे उडवण्यापलीकडे उत्तर देत नव्हता, त्याला थांबवावं लागत होतं.

वर्गात काय होत होतं ते त्याने तोंडी सांगितलंच नाही. खेळातल्या त्या वहीत लिहिलं. एका पानावर सहा नावं, ‘हे हसतात’. दुसऱ्या पानावर एकच नाव, ‘हा हसत नाही’. नंतर स्वतःचा फोन काढून वर्गातल्या मुलांचा व्हॉट्सॲप ग्रुप दाखवला. ऑगस्टमध्ये मराठीच्या तासाला बाईंनी काही विचारलं, हा पटकन ‘व्हय’ म्हणाला, वर्ग हसला. इंग्रजी येत नाही म्हणून तो आधीच गप्प असायचा; हक्काची म्हणून उरलेली मराठीही आता उघड्यावर पडली. कोणीतरी त्याचा वर्गातला फोटो कापून, खाली ‘व्हय की!’ लिहून स्टिकर केला होता. ग्रुपवर कोणी गृहपाठ विचारला तरी उत्तराला तो स्टिकर यायचा. वर्गात हाक ‘पावणं’. शिक्षकांना यातलं काही माहीत नव्हतं. घरी सांगितलं नव्हतं, कारण फीचे पैसे कुठून येतात ते तो रोज रात्री शिवणयंत्राच्या आवाजात ऐकत होता.

मग सगळं जुळत गेलं

सकाळी शाळा म्हणजे स्टिकर आणि ‘पावणं’. त्या धास्तीने पोट खरंच दुखायचं, ते सोंग नव्हतं. शाळा चुकली की दुखणं उतरायचं. त्या सुटकेमुळे उद्या पुन्हा दुखण्याची शक्यता वाढायची. दिवसभर बोलायला कोणी नाही. रात्री साडेदहाला मात्र हेडफोनमध्ये तीन ओळखीचे आवाज, ज्यांना त्याची भाषा ऐकून हसू येत नाही. तिथे तो स्क्वॉडमध्ये वाट दाखवणारा. ‘डावीकडनं ये, मी कव्हर देतो’ असं सांगणारा. जागरणाने सकाळी उठणं अवघड, उठला नाही की शाळा चुकायची, आणि चक्र पुरं व्हायचं.

खेळाचा यात वाटा आहेच, तो मी नाकारत नाही. रात्री दोन वाजता झोपणारा मुलगा सातला शाळेत जाणार नाही, भीती असो वा नसो. पण फोन लॉकरमध्ये ठेवला तेव्हा वडिलांनी गेम काढून घेतला असं त्यांना वाटलं; मुलाच्या हिशोबी त्याचे तीनही मित्र एका दिवसात गेले. तांब्या भिंतीवर का आपटला, हे त्यातून कळतं.

हे सगळं मी आई-वडिलांना मुलासमोर, त्याच्या परवानगीने सांगितलं. आई रडली. वडील बराच वेळ गप्प राहून म्हणाले, “ते ठीक आहे मॅडम, पण तासाला पैसे देऊन गेमच खेळायला पाठवायचा का?” प्रश्न रास्त होता. मी त्यांना पुढच्या सेशनला अर्धी सुट्टी टाकून यायला सांगितलं.

वडील टॅबवर

ते आले आणि पहिली पाच मिनिटं आकाशाकडे बघत चालत राहिले, कारण बघण्याचा अंगठा वर सरकला होता. मुलगा शेजारी सरकून बसला. “पप्पा, डावा अंगठा चालायला, उजवा बघायला. दोन्ही एकदम नका दाबू.” वडील खड्ड्यात पडले, निघाले, पुन्हा पडले. एरवी घरात ज्याला सूचना मिळतात तो सूचना देत होता, आणि न ओरडता.

मुलाने खेळात एक आपोआप चालणारी भट्टी बांधली होती. वरच्या पेटीत कच्चं लोखंड टाकायचं, ते हॉपरमधून, म्हणजे नरसाळ्यासारख्या ठोकळ्यातून, खाली भट्टीत पडतं, बाजूच्या हॉपरमधून कोळसा येतो, खालच्या पेटीत तयार कांब जमा होते. वडील थबकले. मोल्डिंग मशिनला प्लास्टिकचे दाणे हॉपरमधूनच जातात. त्यांचं अर्धं आयुष्य त्यांनी त्या हॉपरखाली काढलंय. त्यांनी विचारलं, “खालची पेटी भरली तर?” मुलगा म्हणाला, भट्टी थांबते. “आणि वरनं माल येतच राहिला तर?” वरच्या हॉपरमध्ये साठून राहतो. “म्हणजे जाम कळायला काहीतरी पायजे. आमच्याकडे सेन्सर असतो.” मुलाने सांगितलं की खेळातही पेटी किती भरली हे ओळखणारा ठोकळा आहे, फक्त त्याने तो लावला नव्हता. उरलेला दिवस दोघांनी तो ठोकळा आणि एक दिवा बसवण्यात घालवला. मी काहीही केलं नाही.

सेशनच्या फीचा प्रश्न त्यानंतर त्यांनी काढला नाही. गेम वाईटच, हे मत मात्र त्यांनी बदललं नाही, आणि त्यांनी ते बदलावं अशी माझी अटही नव्हती.

भीतीवरचं काम

इथून पुढची थेरपी साधी, पुस्तकात असते तशी: भीतीच्या गोष्टींची शिडी करायची आणि खालच्या पायरीपासून चढायचं. डिजिटल साधनं यात दोन ठिकाणी कामी आली, एका ठिकाणी फसली.

फसली ती आधी सांगते. मनःस्थिती नोंदवायचं एक ॲप त्याला दिलं होतं, रोज चेहरा निवडायचा, सलग सात दिवस भरलं की बिल्ला. त्याने आठवड्याचे सगळे चेहरे धायरीहून येताना आईच्या स्कूटीवर मागे बसून भरले, सगळे हसरे. विचारलं तर म्हणाला, “बिल्ल्यासाठी.” शिडीला गुणांचा तक्ता जोडून बघितला तेव्हा तर त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं. “मॅडम, शाळा काय गेम हाय व्हय?” खऱ्या भीतीला लेव्हल आणि बिल्ले चिकटवले की मुलांना ते आपल्यापेक्षा लवकर उघडं पडलेलं दिसतं, गेम चांगला कसा असतो ते त्यांना माहीत असतं. नोंदी पुढे खेळातल्या वहीतच झाल्या.

कामी आलं ते व्हॉइस रेकॉर्डिंग. माझ्यासमोर इंग्रजी उतारा वाचणं त्याला पहिल्या पायरीलाही जमत नव्हतं. म्हणून पहिली पायरी: घरी, दार लावून, फोनवर चार ओळी वाचून रेकॉर्ड करायच्या आणि पुसून टाकायच्या. दुसरी: पुसण्याआधी एकदा ऐकायच्या. तिसरी: क्लिनिकच्या नंबरवर व्हॉइस नोट म्हणून पाठवायच्या. तिसऱ्या पायरीला एक अडचण आली. येणारी नोट अगदी निर्दोष असायची, कारण तो ती वीस-वीसदा रेकॉर्ड करायचा. अशाने भीती कमी होत नाही. ‘चुकलो तर संपलं’ हा समज उलट पक्का होतो. वर्गात दुसरा टेक मिळत नाही. म्हणून नियम केला, एकच टेक, अडखळला तरी तोच पाठवायचा. पहिली खरी, अडखळलेली नोट आली तिच्यात मागे शिवणयंत्र चालू होतं आणि मध्येच त्याने ‘थांब की गं’ म्हटलं होतं. ती नोट मला सगळ्यात मोलाची वाटली.

दुसरं साधन बीजीएमआयच. या गेममध्ये १८ वर्षांखालच्यांना दिवसाला ३ तासांची मर्यादा आहे. त्याने वय वाढवून सांगितलं होतं, बरीच मुलं सांगतात. मर्यादेवर भांडण्यापेक्षा वेळेवर बोललो. त्यानेच मित्रांशी ठरवलं: शनिवारी-रविवारी मनसोक्त, बुधवारी रात्री साडेनऊ ते साडेदहा, दुकानवाल्याने त्या दिवशी वडिलांना सांगून लवकर सुटायचं. बाकीच्या दिवशी फोन दहाला स्वयंपाकघरात चार्जिंगला, आई-वडिलांचेही फोन तिथेच. वडिलांनी या शेवटच्या कलमावर सगळ्यात जास्त वाद घातला.

झोपेबद्दल मी फार बोलले नाही. आमच्या ठोकळ्यांच्या जगात पलंगच नव्हता. सलग तीन रात्री न झोपलेल्या खेळाडूवर तिथे आकाशातून फँटम नावाचे उडते राक्षस झडप घालतात, तसे ते एके दिवशी आले. मुलाने कारण सांगितलं, मी मान डोलावली आणि आम्ही मेंढ्यांच्या लोकरीचा पलंग केला. खेळात दिसेल त्या गोष्टीचं रूपक करून मुलाच्या पुढ्यात ठेवायचा मोह आम्हा समुपदेशकांना फार असतो. तो आवरावा. मुलाला कळायचं ते कळतं, आणि कळलं नाही तरी पलंग झालेला असतो.

शाळेत मी वर्गशिक्षिकांशी बोलले. स्टिकर दाखवताना मुलाचं नाव घेण्याआधी त्याची संमती घेतली होती. त्यांनी वर्गाला भाषण दिलं नाही, हे फार बरं झालं. ग्रुप चालवणाऱ्या दोघांना वेगळं बोलावलं, पालकांना कळवलं, स्टिकर पुसले गेले. आणि गणिताच्या तासाला ‘हसत नाही’ म्हणून ज्याचं नाव वहीत होतं, त्याच्या शेजारी याला बसवलं. सेमी इंग्रजीमुळे याचं बीजगणित पक्कं होतं. त्या मुलाचं नव्हतं.

कुठे जपायचं

या प्रकरणावरून ‘गेम खेळवा, मूल बरं होईल’ असा अर्थ कोणी काढू नये. खास उपचारासाठी बनवलेले गेम वेगळे. न्यूझीलंडमधल्या स्पार्क्स या गेमची १८७ किशोरवयीन मुलांवर झालेली चाचणी २०१२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आली. सौम्य-मध्यम नैराश्यात तो नेहमीच्या उपचारांपेक्षा कमी पडला नाही. अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने जून २०२० मध्ये एंडेव्हर आरएक्स या गेमला ८ ते १२ वयाच्या, लक्ष टिकत नसलेल्या मुलांसाठी परवानगी दिली. माइनक्राफ्ट हा असा उपचार नाही. तो आमच्याकडे बसायची जागा होता; उपचार होता तो शिडीचा, झोपेचा, शाळेशी झालेल्या बोलण्याचा.

जो मुलगा मित्र आले नाहीत तरी पहाटेपर्यंत खेळतो, घरातले पैसे काढून गेममध्ये घालतो, बंद करायला लावलं की अंगावर येतो, त्याच्या हातात मी टॅब देत नाही. अशांना मानसोपचारतज्ज्ञांकडे, गरज पडली तर बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत २०१४ पासून याच कामासाठी चालणाऱ्या शट क्लिनिककडे पाठवायला हवं. पैशांवर खेळायच्या गेमना तर खोलीत जागाच नाही. ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने त्यांच्यावर देशभर बंदीही आली आहे. आणि ज्या समुपदेशकाला स्वतः त्या गेममध्ये चार तास घालवायची तयारी नाही, त्याने तो मुलापुढे ठेवू नये. मुलांना तोतया लगेच ओळखू येतो.

सध्या

मुलगा शाळेत जातो. आठवड्यात एखादा दिवस अजून चुकतो, बहुतेक सोमवार. इंग्रजीच्या तासाला स्वतःहून हात वर करत नाही. विचारलं तर उभा राहून उत्तर देतो. ‘पावणं’ ही हाक गेलेली नाही, पण गणितात शेजारी बसणारा मुलगाही ती मारतो आणि त्याचं याला काही वाटत नाही, असं तो म्हणतो. मला त्याची पूर्ण खात्री नाही, म्हणून तो विषय यादीत ठेवला आहे. पोट महिन्याभरात एकदाच दुखलं. सेशनमध्ये माइनक्राफ्ट आता आम्ही उघडत नाही. शेवटच्या दोन-तीन वेळा तो टॅबकडे न बघताच बोलायला लागला होता.

नवा वाद दहावीचा आहे. एप्रिलपासून गेम पूर्ण बंद, असं वडिलांनी जाहीर केलं आहे आणि सकाळी सहाच्या क्लासची चौकशीही करून आले आहेत. मुलाचं म्हणणं, शनिवार-रविवार राहू दे, बुधवार मी सोडतो. आई मुलाच्या बाजूने आहे, पण ते मोठ्याने म्हणत नाही. माझं मत मी वडिलांना सांगितलं आहे: शनिवार काढू नका, आणि सहाचा क्लास लावायचा तर रात्री दहाच्या फोनचा नियम तुम्हीही पाळा. त्यांनी विचार करून सांगतो म्हटलं आहे. पुढच्या भेटीला तिघेही येणार आहेत.